मूल वाचनात मागे आहे पण शाळा म्हणते "क्वालिफाय होणार नाही" – अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमधे हे नक्की कोण आणि कसं ठरवतं

तुमच्या प्रश्नातून मला जे कळलं ते आधी लिहिते, चुकत असेल तर सांगा. मुलगा तिसरीत, अडीच वर्षांपूर्वी भारतातून आलात, घरी मराठीच बोलता. गणित चांगलं, पण वाचताना अडखळतो आणि स्पेलिंगचा पत्ता नाही. परवाच्या कॉन्फरन्सला टीचर म्हणाल्या की तो टिअर टू मधे (म्हणजे वर्गातल्या शिकवण्याशिवाय छोट्या ग्रुपमधे जादा मदत) आहे, ग्रेड्स बी येतायत, त्यामुळे स्पेशल एज्युकेशनला क्वालिफाय होणार नाही. तुम्ही विचारताय की किती मार्क कमी पडले की क्वालिफाय होतं, आणि बाहेरून डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट आणलं तर शाळेला ऐकावंच लागेल का. शिवाय मिस्टरांना मुलाला "लेबल" नकोय.

मी इथे एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमधे (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) स्कूल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे ज्या मीटिंगमधे हे ठरतं त्या मीटिंगला रिपोर्ट घेऊन बसणाऱ्यांपैकी. थोडक्यात उत्तर असं की मार्कांचा असा कुठलाही आकडा नाही, बाहेरचं डायग्नोसिस उपयोगी असतं पण त्यावर निकाल लागत नाही, आणि टीचर कॉन्फरन्समधे जे बोलल्या तो निर्णय नव्हेच, ते त्यांचं मत होतं. आता सविस्तर.

आपल्याकडून आलेल्या पालकांची गडबड कुठे होते ते आधी सांगते, कारण मला हे सारखं दिसतं. महाराष्ट्रात एलडीचं, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीचं, सर्टिफिकेट मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, म्हणजे कागद आधी, त्याच्यामागून फायदा. त्यामुळे इथेही आपण विचारतो की "माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे का?" आणि त्याचा कागद मिळवायला धावतो. शाळा मात्र वेगळाच प्रश्न सोडवत असते, तो म्हणजे ह्या मुलाला शिकण्यासाठी वेगळ्या पद्धतीच्या शिकवण्याची गरज आहे का, आणि ती गरज एखाद्या डिसॅबिलिटीमुळे आहे का. हे दोन प्रश्न शेजारी शेजारी राहतात पण एक नाहीत. एकाचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" असं सर्रास होतं, आणि मग पालकांना वाटतं शाळा फसवतेय.

ह्याच्या मागचा कायदा १९७५ चा आहे, १९९० मधे त्याचं नाव आयडीईए (इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन अ‍ॅक्ट) झालं आणि २००४ मधे त्यात मोठे बदल झाले. २०२२-२३ मधे साधारण ७५ लाख मुलं ह्या कायद्याखाली सर्व्हिसेस घेत होती, म्हणजे पब्लिक स्कूलमधली जवळपास १५ टक्के. त्यातली सगळ्यात मोठी कॅटेगरी स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लिखाण, गणित अशा ठराविक बाबतीतली शिकण्याची अडचण), तिच्यात साधारण एक तृतीयांश मुलं. सांगायचा मुद्दा हा की तुमचा मुलगा क्वालिफाय झाला तर तो काही जगावेगळा नसणारे.

क्वालिफाय व्हायला तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही लागतात. एक, कायद्यातल्या तेरा कॅटेगरींपैकी एखादी डिसॅबिलिटी. दोन, तिचा शिक्षणावर वाईट परिणाम होत असणं. तीन, त्यामुळे त्याला खास आखलेल्या शिकवण्याची गरज असणं. बहुतेक पालकांची सगळी ताकद पहिल्यावर खर्च होते. वाद मात्र दुसऱ्यावर होतात आणि निर्णय बरेचदा तिसऱ्यावर फिरतो.

पहिली गोष्ट पटकन उरकते. तेरा कॅटेगरींमधे ऑटिझम, ऐकण्याचे-बघण्याचे प्रॉब्लेम, स्पीच किंवा लँग्वेज, बौद्धिक अक्षमता, इमोशनल डिस्टर्बन्स, डोक्याला मार लागून झालेली इजा वगैरे येतात. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चळवळेपणा) वेगळी कॅटेगरी नाही, तो साधारणपणे "अदर हेल्थ इम्पेअरमेंट" मधे बसतो. डिस्लेक्सियाचीही वेगळी कॅटेगरी नाही, तो स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीच्या व्याख्येतच नावानिशी आहे. काही शाळांत अजूनही सांगतात की "आम्ही डिस्लेक्सिया हा शब्द वापरत नाही". त्यावर २०१५ मधे फेडरल शिक्षण खात्याने पत्र काढून सांगितलंय की रिपोर्टमधे आणि आयईपीमधे (पात्र मुलासाठी लिहिलेला खास शिक्षणाचा आराखडा) हा शब्द वापरायला कायद्याची काही आडकाठी नाही. त्यामुळे कोणी तसं म्हणालं तर शांतपणे हे सांगा, पण फार ताणू नका. शब्दापेक्षा त्याला रोज काय शिकवणार ते जास्त महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षणावरचा परिणाम, आणि तुमचं घोडं इथेच अडलंय. "ग्रेड्स चांगल्या आहेत म्हणून क्वालिफाय होणार नाही" हे वाक्य मी बाकीच्या शाळांमधून आलेल्या पालकांकडून इतकं ऐकते की आता पाठ झालंय. ते तसं सरळ बरोबर नाही. आयडीईएच्या नियमांमधे स्पष्ट लिहिलंय की मूल नापास झालेलं नसलं, वरच्या वर्गात जात असलं तरी ते पात्र असू शकतं. लर्निंग डिसॅबिलिटीसाठी बघायचं असतं ते असं की मूल त्याच्या वयाच्या किंवा राज्याच्या ग्रेड लेव्हल स्टँडर्डच्या मानाने पुरेसं पुढे जातंय का. रिपोर्ट कार्डची ग्रेड हा त्यातला एक पुरावा, एकमेव नाही. दुसरीकडे हेही खरं की "वाईट परिणाम" म्हणजे नक्की किती, ह्याची व्याख्या फेडरल कायद्यात नाही, त्यामुळे राज्याराज्यात आणि खरं सांगायचं तर डिस्ट्रिक्ट-डिस्ट्रिक्टमधे फरक पडतो. एका गावात क्वालिफाय झालेलं मूल शेजारच्या गावात गेल्यावर होत नाही असं होऊ शकतं. हे चुकीचं वाटतं ना, मलाही वाटतं, पण आहे हे असं आहे.

आता त्या बी ग्रेडबद्दल मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते. ती बी कोण मिळवतंय? रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी कोण बसतं, प्रश्न कोण वाचून दाखवतं, स्पेलिंगची लिस्ट गुरुवारी रात्री कोण घोटून घेतं? कारण आपल्या घरांमधे हे फार असतं, आई किंवा बाबा रोज दीड-दोन तास बसतात आणि मूल शाळेत "ठीक" दिसतं. टीचरला हे दिसत नाही, तिला फक्त पूर्ण केलेला होमवर्क दिसतो. शिवाय तिसरीच्या ग्रेडमधे पार्टिसिपेशन, प्रयत्न, ग्रुप प्रोजेक्ट असं बरंच काही मिसळलेलं असतं. म्हणून मी पालकांना सांगते की दोन-तीन आठवडे एक साधी वही ठेवा. होमवर्क कधी सुरू केला, कधी संपला, त्यातलं किती त्याने स्वतः वाचलं आणि किती तुम्ही वाचून दाखवलं, रडारड झाली का, शुक्रवारच्या टेस्टमधे बरोबर आलेलं स्पेलिंग सोमवारी लक्षात होतं का. ही वही मीटिंगला आणलीत तर ती कुठल्याही टेस्टच्या बरोबरीने बोलते, निदान माझ्या टेबलावर तरी.

आणि शाळेकडे ग्रेड्सपेक्षा चांगला डेटा आधीच असतो, तो मागा. टिअर टू मधे आहे म्हणजे त्याचं दर थोड्या दिवसांनी प्रोग्रेस मॉनिटरिंग होत असणार, बरेचदा त्यात एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजतात. अंदाज यावा म्हणून सांगते, हॅसब्रूक आणि टिंडल यांच्या २०१७ च्या नॉर्म्सप्रमाणे तिसरीच्या मध्यावर बरोब्बर मधलं मूल मिनिटाला ९७ शब्द वाचतं, पंचविसाव्या पर्सेंटाइलवरचं ७९ आणि दहाव्यावरचं ६२. तुमचा मुलगा कुठे आहे आणि गेल्या काही महिन्यांत रेघ किती वर सरकली हे विचारा. आकडा कमी आहे हा एक मुद्दा, पण रेघ सरकतच नाहीये हा जास्त मोठा.

जाता जाता, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपण मार्कांवर वाढलेले लोक, रिपोर्टमधे "२५ पर्सेंटाइल" दिसलं की छातीत धस्स होतं की मुलाला २५ टक्के मिळाले. आम्ही जे टेस्ट वापरतो त्यात सरासरी १०० असते, ९० म्हणजे पंचविसावा पर्सेंटाइल आणि तो अ‍ॅव्हरेज रेंजमधेच धरतात, ८५ म्हणजे सोळावा. त्यामुळे ९० स्कोअर बघून शाळा म्हणाली की हे डिसॅबिलिटी म्हणण्याइतकं कमी नाही, तर ते टाळाटाळ करतायत असं लगेच समजू नका. एका टेस्टच्या एका आकड्यावर निर्णय घ्यायला मात्र कायद्याने मनाई आहे, मग तो "हो" असो की "नाही".

आता तिसरी गोष्ट, गरज. मी दोन मुलांचं उदाहरण देते, कोणा एकाची माहिती नाही, अनेक मुलं मिसळून. पहिल्या मुलीकडे डॉक्टरांचं एडीएचडीचं पक्कं डायग्नोसिस. पण तिला पुढच्या बाकावर बसवलं, सूचना तुकड्यातुकड्याने दिल्या, टेस्टला थोडा जादा वेळ दिला की ती वर्गाबरोबर चालते. तिला शिकवण्याची पद्धत बदलावी लागत नाही. ती आयडीईएखाली क्वालिफाय होत नाही, पण तिला ५०४ प्लॅन (वेगळ्या कायद्याखाली मिळणाऱ्या सवलतींचा प्लॅन) मिळतो, आणि तो तिला पुरतो. दुसऱ्या मुलाकडे कसलंही डायग्नोसिस नाही, घरी कोणाला शंकाही नव्हती. पण त्याला अक्षरं आणि आवाज जोडताच येत नाहीत, वर्गातल्या पद्धतीने नाही, टिअर टू च्या छोट्या ग्रुपमधेही नाही. त्याला रोज, ठरलेल्या क्रमाने, आवाजापासून सुरुवात करून, मुरेपर्यंत परत परत शिकवावं लागतं आणि ते शिकवणारी व्यक्ती त्यात तयार असावी लागते. तो क्वालिफाय होतो. बघा, कागद पहिलीकडे होता आणि आयईपी दुसऱ्याला मिळाला. परीक्षेच्या हॉलमधे कोणाला खिडकीजवळची जागा देणं वेगळं आणि कोणाला मुळात तो विषय नव्याने शिकवणं वेगळं, ५०४ आणि आयईपी मधला फरक साधारण असा आहे.

म्हणून तुम्ही मीटिंगमधे "त्याला डिस्लेक्सिया आहे हो" एवढंच म्हणत राहिलात तर समोरचे मान डोलावतील आणि काही होणार नाही. त्याऐवजी विचारा की टिअर टू मधे नक्की कुठला प्रोग्रॅम वापरला, आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटं, कोणी शिकवलं, आणि त्याचा परिणाम काय दिसला. हे सगळं नीट होऊनही मूल सरकत नसेल तर तोच तिसऱ्या गोष्टीचा पुरावा. आणि हे सगळं धड झालंच नसेल, म्हणजे इंटरव्हेन्शनची (ही जादा मदत देणारी) टीचर तीन महिने रजेवर आणि ग्रुप बंद, तर मग मूल का सरकलं नाही ह्याचं उत्तर कोणालाच माहीत नाही. तसं असलं तर तेही बोलून दाखवा.

लर्निंग डिसॅबिलिटी ठरवायच्या पद्धतीबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही ऑनलाइन वाचलं असेल की आयक्यू आणि वाचनाच्या स्कोअरमधे मोठा फरक लागतो. पूर्वी तसंच होतं. त्यात अडचण अशी की फरक "पुरेसा" मोठा व्हायला मूल चौथी-पाचवीपर्यंत मागे पडत जायची वाट बघावी लागायची. २००४ नंतर राज्यं ही पद्धत सक्तीची करू शकत नाहीत आणि इंटरव्हेन्शनला मूल कसा प्रतिसाद देतं ते बघायची पद्धत त्यांना चालू द्यावी लागते. काही राज्यांत बलस्थानं आणि कमतरता ह्यांचा पॅटर्न बघतात. तुमच्या राज्यात आणि डिस्ट्रिक्टमधे कुठली पद्धत आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि ते पहिल्याच फोनवर विचारा. एक गट मात्र मला कायम टोचतो, ज्यांचा आयक्यू ७५-८५ च्या आसपास आहे आणि वाचन-गणित सगळंच त्याच पातळीवर आहे अशी मुलं. बौद्धिक अक्षमता म्हणावी इतका स्कोअर कमी नाही, फरक काढायचा तर फरकही दिसत नाही. वर्गात सगळ्यात जास्त झगडतात तीच आणि हातात काही न पडता परत जातात तीही तीच. जिथे प्रतिसादावर आधारित पद्धत आहे तिथे त्यांना थोडी तरी जागा असते. तुमच्या मुलाचं गणित चांगलं आहे म्हणताय त्यावरून तो ह्या गटातला वाटत नाही.

आता भाषेचा मुद्दा, आणि तुमच्या केसमधे मला सगळ्यात जास्त काळजी ह्याची आहे. दोन्ही बाजूंनी. कायदा म्हणतो की मूल मागे असण्याचं मुख्य कारण इंग्रजी कमी येणं हे असेल, किंवा त्याला वाचन-गणित नीट शिकवलंच गेलेलं नाही हे असेल, तर ते डिसॅबिलिटी धरता येत नाही. हे चांगल्यासाठी आहे, नाहीतर नवीन आलेलं प्रत्येक मूल स्पेशल एज्युकेशनमधे ढकललं जाईल. बोलण्यापुरतं इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येतं पण अभ्यासाचं इंग्रजी पक्कं व्हायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात, म्हणजे अडीच वर्षांत तो अजून रस्त्यातच आहे. पण ह्याच मुद्द्याची ढाल करून "आधी इंग्रजी येऊ दे मग बघू" असं म्हणत वर्षं घालवतात, तेही चूक. ईएल सर्व्हिसेस (इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठीची मदत) आणि स्पेशल एज्युकेशन दोन्ही एकाच वेळी मिळू शकतात, एक संपल्यावर दुसरं असा नियम नाही.

फरक ओळखायला मी काय बघते ते सांगते. पहिलं म्हणजे, अडचण दोन्ही भाषांत आहे का. मराठीत तो वाक्यं कधी बोलायला लागला, गोष्ट सांगताना क्रम लागतो का, यमक जुळवता येतं का, 'कमळ' मधला पहिला आवाज काढून टाक म्हटलं तर जमतं का. आजी-आजोबा इथे असतील किंवा व्हिडिओ कॉलवर असतील तर त्यांना विचारा, त्यांना चुलत-मावस भावंडांशी तुलना करून बरोब्बर आठवतं. दुसरं, भारतात असताना देवनागरी वाचायला शिकला होता का आणि ते कसं गेलं. मराठीत अक्षर आणि आवाजाचं नातं बरंच सरळ असल्यामुळे वाचनाची अडचण असलेलं मूल चुकतं कमी पण फार हळू वाचतं, आणि जोडाक्षरं, काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ यात सांडतं. इंग्रजीत आल्यावर ती झाकलेली अडचण एकदम उघडी पडते. तिसरं, त्याच्यासारखीच दोन-अडीच वर्षांपूर्वी आलेली बाकीची ईएल मुलं त्याच शाळेत कुठे आहेत. ती पुढे गेली आणि हा तिथेच आहे तर नुसती भाषा हे कारण पुरत नाही. चौथं, इंग्रजी बोलणं-ऐकणं झपाट्याने वाढलंय पण वाचन-लिखाण तिथेच, असं आहे का. शाळेच्या वार्षिक इंग्रजी टेस्टमधे हे चार भाग वेगवेगळे दिसतात, तो रिपोर्ट तुमच्या घरी आलेला असेल, शोधा.

कायद्याप्रमाणे टेस्टिंग मुलाच्या भाषेत, शक्य असेल तितकं, करायचं असतं. मराठी येणारा सायकॉलॉजिस्ट मिळणं कठीण, आणि आमच्या टेस्टचे मराठी नॉर्म्स नसतात. पण दुभाषी मागता येतो, आणि दुभाषी घेऊन केलेलं स्पीच-लँग्वेजचं काम आकड्यासाठी नाही तर माहितीसाठी वाचायचं हे अनुभवी माणसाला कळतं. मीटिंगसाठीही दुभाषी मागू शकता. तुमचं इंग्रजी उत्तम असेल पण सासूबाई मूल सांभाळत असतील आणि त्यांना काही सांगायचं असेल तर त्यांच्यासाठी मागा.

बाहेरच्या सर्टिफिकेटबद्दल. प्रायव्हेट इव्हॅल्युएशन आणलंत तर शाळेला ते विचारात घ्यावं लागतं, मान्य करावंच लागतं असं नाही. ते स्वस्त नसतं, म्हणून माझा सल्ला की आधी शाळेचं फुकट इव्हॅल्युएशन होऊ द्या. त्याच्याशी असहमत असाल तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र इव्हॅल्युएशन मागता येतं, मग डिस्ट्रिक्टला एकतर ते करून द्यावं लागतं नाहीतर आमचंच बरोबर आहे हे सुनावणीत सिद्ध करायला जावं लागतं. बाहेर आधीच पैसे घालून बसलेल्या पालकांना हे नंतर कळतं आणि चिडचिड होते.

मग आता करायचं काय. टीचरशी बोलणं पुरे झालं, लेखी द्या. प्रिन्सिपल आणि स्पेशल एज्युकेशन डायरेक्टर दोघांना ईमेल, तारीख घालून. त्यात स्पष्ट लिहा की आयडीईएखाली स्पेशल एज्युकेशनच्या पात्रतेसाठी इनिशियल इव्हॅल्युएशनची विनंती करतोय, शंका कशाकशाची आहे (वाचन, स्पेलिंग, वाचनाचा वेग), घरी किती मदत लागते, आणि आमच्या सहीसाठी कन्सेंट (संमती) फॉर्म पाठवा असंही लिहा. भावना नको, आरोप नको, अर्धं पान पुरे. "टिअर टू पूर्ण होऊ द्या, मग बघू" असं उत्तर आलं तर जानेवारी २०११ चा फेडरल खात्याचा मेमो आहे की इंटरव्हेन्शनचं कारण देऊन इव्हॅल्युएशन लांबवता किंवा नाकारता येत नाही. शाळा नाही म्हणू शकते, पण तिला डिसॅबिलिटीची शंकाच नाही असं वाटत असेल तर, आणि ते कारणांसकट लेखी द्यावं लागतं. ती लेखी नोटीस मागा. माझा अनुभव असा की लेखी कारण द्यायची वेळ आली की निम्मे "नाही" आपोआप "बरं करूया" होतात.

शाळा नाही का म्हणते ह्याचं कारण नेहमी वाईट हेतू नसतो हेही सांगते. माणसं कमी, केसेस जास्त, आणि आम्हालाही खरंच वाटतं की मुलाला आधी वर्गातच मदत मिळावी. पण कधी कधी वरून दबाव असतो. टेक्सासमधे २००४ पासून डिस्ट्रिक्टमधली ८.५ टक्के मुलंच स्पेशल एज्युकेशनमधे असावीत असा मापदंड लावला होता, बातम्यांमधे गाजल्यावर २०१७ मधे तो काढला आणि जानेवारी २०१८ मधे फेडरल खात्याने राज्याने कायदा मोडल्याचं सांगितलं. तेव्हा पालक जर हट्टाने लेखी मागत असतील तर ते उगाच नाही.

मधेच एकदा गोळा करते, कारण लांबलंय. ग्रेड बी असणं हे नकाराचं पुरेसं कारण नाही. इंग्रजी नवीन असणं हे खरं कारण असू शकतं पण ते तपासायला लागतं, गृहीत धरता येत नाही. आणि तुमचा जोर "वेगळ्या शिकवण्याची गरज" ह्यावर हवा.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या, शाळेतलं स्क्रीनिंग पास झालं असलं तरी. ते काही फार मोठं काम नाही पण मीटिंगमधे तो मुद्दा निघाला की महिना जातो.

क्वालिफाय झाला नाही तर? ५०४ विचारा. तो १९७३ च्या वेगळ्या कायद्यातून येतो, त्याची व्याख्या जास्त रुंद आहे, आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर वाचणं आणि लक्ष केंद्रित करणं ह्यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पण त्यातून साधारणपणे सवलती मिळतात, रोजचं वेगळं वाचन शिकवणं त्यातून फार कमी ठिकाणी मिळतं. त्यामुळे ज्या मुलाला वाचताच येत नाहीये त्याला नुसता जादा वेळ देऊन बोळवण होत असेल तर सही करायच्या आधी थांबा. आणि आज नाही झाला म्हणजे कायमचा नाही असं नसतं, डेटा बदलला की परत विनंती करता येते.

मिस्टरांच्या काळजीबद्दल. आयईपी असलेली साधारण दोन तृतीयांश मुलं दिवसाचा ८० टक्के किंवा जास्त वेळ नेहमीच्याच वर्गात असतात. कॉलेजला हे आपोआप कळत नाही, तुम्ही सांगितलंत तरच. व्हिसा कुठला आहे ह्याचा पात्रतेशी संबंध नाही. आणि तुमच्या लेखी कन्सेंटशिवाय पहिलं टेस्टिंगही होत नाही आणि सर्व्हिसेसही सुरू होत नाहीत, मधे कधीही मागे घेता येतं. त्यांना म्हणावं इव्हॅल्युएशनला सही करणं म्हणजे लेबलला सही करणं नव्हे, आधी माहिती तरी घेऊ. आणि एक खाजगीतलं, तिसरीतल्या मुलाला आपण वर्गात मागे आहोत हे कधीच कळलेलं असतं. त्याने स्वतःला जे नाव दिलेलं असतं ते बहुतेक वेळा "मी ढ आहे" असं असतं.

वेळेचं गणित राज्यावर आहे, तुम्ही राज्य लिहिलेलं नाही. फेडरल नियम कन्सेंटपासून ६० दिवस, पण राज्य स्वतःचा ठरवू शकतं. कॅलिफोर्नियात ६० कॅलेंडर दिवस, टेक्सासमधे शाळेचे ४५ दिवस, इलिनॉयमधे शाळेचे ६० दिवस. पात्र ठरला तर त्यानंतर ३० दिवसांत आयईपीची मीटिंग. जिथे शाळेचे दिवस मोजतात तिथे उन्हाळ्याची सुट्टी धरत नाहीत, त्यामुळे एप्रिलमधे दिलेलं पत्र सहज सप्टेंबर-ऑक्टोबरवर जातं आणि तोपर्यंत तो चौथीत गेलेला असतो. ईमेल ह्याच आठवड्यात करा, आणि रिपोर्ट मीटिंगच्या काही दिवस आधी हातात द्या असं त्यातच लिहून ठेवा. राज्य कुठलं ते कळवलंत तर तिथली पद्धत काय ते सांगते.